धारवाडची गायन-ऑडिशन: दहा मिनिटांत काय गावे आणि त्या दिवसाची तयारी कशी करावी?

कणकुंबीची वाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यात राहते. यंदा पी.यू.सी.चे दुसरे वर्ष (बारावी) उत्तीर्ण झाले असून पदवीसाठी हिंदुस्थानी गायन हा विषय मिळावा म्हणून धारवाडच्या एका महाविद्यालयात अर्ज केला आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा मी दिलेली आहे. पण ती आमच्या क्लासच्या केंद्रावर, ओळखीच्या तबल्यावर आणि गुरुजी शेजारच्या खोलीत असताना दिली होती. ऑडिशन ही गोष्ट मात्र आमच्या घरात आजवर कोणी पाहिलेली नाही.

महाविद्यालयाच्या पत्रात एवढेच कळविले आहे की सकाळी अकरा वाजता हजर राहावे, गायनासाठी दहा मिनिटे मिळतील, त्यात एका रागातील विलंबित (संथ) व द्रुत (जलद) ख्याल गावा, तबला आणि हार्मोनियमची साथ महाविद्यालय पुरवील आणि त्यानंतर तोंडी प्रश्न विचारले जातील. माझा सर्वांत चांगला बसलेला राग भीमपलास आहे, पण तो दुपारनंतरचा. जौनपुरी सकाळचा असला तरी तो शिकून मला जेमतेम दोन महिने झाले आहेत. अकरा वाजता भीमपलास गायला तर परीक्षकांना ते खटकेल का?

दुसरी अडचण स्वराची आहे. क्लासमध्ये मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा षड्ज (सा). गावच्या भजनात मात्र पेटीवाले काका काळी पाच धरतात आणि गेली कित्येक वर्षे मी त्यांच्याबरोबर तिथेच गात आले आहे. तिथे माझा आवाज अधिक मोकळा लागतो असे सगळे म्हणतात. ऑडिशनला कोणता स्वर सांगावा? आणखी एक म्हणजे, घरचा रियाज मी मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर आणि ठेक्यावर करते. अनोळखी तबलजीबरोबर मी कधीच गायलेले नाही. माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. कन्नड वाचता येते, पण शास्त्रावरचे प्रश्न कन्नडमध्ये आले तर उत्तरे देताना अडखळेन अशी भीती वाटते. हातात अडीच आठवडे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीच्या बाई

बाळ, तुझे पत्र नीट वाचले. मी बेळगावात पुष्कळ वर्षे गाणे शिकविले आणि परीक्षक म्हणूनही अनेकदा बसले, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते आधी सांगते. परीक्षक दिवसभरात वीस-पंचवीस मुलांचे गाणे ऐकतात. मुलाने षड्ज लावला आणि पहिले दोन-तीन आलाप घेतले की त्यांचे निम्मे मत झालेले असते. पुढच्या तानांनी ते मत थोडे वरखाली होते, एवढेच. म्हणून अडीच आठवड्यांतला सर्वाधिक वेळ तू पहिल्या दीड मिनिटाला दे. तानपुरा सुरू झाल्यावर लगेच तोंड उघडू नकोस. दोन-तीन आवर्तने झंकार कानात जाऊ दे आणि मग सा लाव. तो सा लांबविण्याच्या नादात थरथरण्यापेक्षा आटोपशीर पण स्थिर लागलेला केव्हाही बरा.

दहा मिनिटांचा हिशेब कागदावर मांडून बघ. विलंबित एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचे आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते, म्हणजे सहा मिनिटांत जेमतेम सात-साडेसात आवर्तने हाती येतात. त्यांतले एक स्थायीला आणि एक अंतऱ्याला गेले की विस्तारासाठी पाचच उरतात. तीच मात्रा अडीच सेकंदांची ठेवलीस तर आवर्तन अर्ध्या मिनिटाचे होते आणि तेवढ्याच वेळात बारा आवर्तने मिळतात. माझे मत विचारशील तर या दुसऱ्या लयीत गा. अतिविलंबित लय पेलायला दमसास तर लागतोच, शिवाय दोन मात्रांमधली पोकळी भरण्याची हुशारीही लागते. ती पदवीच्या वर्गात शिकायची गोष्ट आहे, प्रवेशालाच दाखवायची नव्हे. सुरुवातीचा आलाप पाऊण मिनिटाचा, विलंबित ख्याल साडेपाच-सहा मिनिटांचा आणि द्रुत तीन मिनिटांचा, असे घड्याळ लावून रोज एकदा गा. मध्येच थांबविले तर घाबरू नकोस. परीक्षक बहुधा पुरेसे ऐकून झाले म्हणूनच थांबवितात.

रागाच्या बाबतीत मी थोडी जुन्या वळणाची आहे. सकाळी अकरा वाजता भीमपलास ऐकायला मला स्वतःला आवडणार नाही. जौनपुरी दिवसाच्या दुसऱ्या प्रहराचा, म्हणजे बरोबर त्याच वेळेचा राग आहे. दोन महिने झाले असतील तर अडीच आठवड्यांत तो उभा करता येईल.

तोंडी प्रश्नांत ज्या रागात गाशील त्याच्या शेजारचे राग हमखास विचारतात. भीमपलास गायलीस तर बागेश्री विचारतील, कारण दोन्ही काफी थाटाचे, दोन्हींत गंधार-निषाद कोमल आणि दोन्हींचा वादी (मुख्य स्वर) मध्यम. ‘फरक सांगा’ असे म्हटले की मुले आरोह-अवरोहाचे पाठ म्हणू लागतात. तू तसे न करता गाऊन दाखव. भीमपलासात ‘नि सा ग म प’ असे रिषभ-धैवत सोडून पंचमावर जाऊन विसाव आणि बागेश्रीत ‘ग म ध नि ध’ असा धैवत उघडून मध्यमावर ये. दोन वाक्यांत काम होते आणि गळ्यातून आलेले उत्तर परीक्षकांना अधिक पटते. जौनपुरी गायलीस तर आसावरीशी तुलना येणारच, तीही अशीच गळ्यावर ठेव.

स्वरलिपी लिहायला सांगितली तर एक सापळा लक्षात ठेव. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार (वरच्या) सप्तकाचा होतो. पलुसकर पद्धतीत मात्र डोक्यावरचा बिंदू मंद्र (खालचे) सप्तक दाखवितो आणि तार सप्तकाला उभी रेघ देतात. तुमच्या क्लासमध्ये कोणती पद्धत चालते ते गुरुजींना विचार आणि कागदावर सर्वांत वर त्या पद्धतीचे नाव लिही. हुशार मुलांचे गुणसुद्धा या एका बिंदूपायी गेलेले मी पाहिले आहेत.

टिपेचा तबला, शहापूर

नमस्कार ताई. मी तबला वाजवितो आणि प्रवेशाच्या दिवसांत साथीलाही बसलो आहे, त्यामुळे आमच्या बाजूचे सांगतो. स्वराचा निर्णय आधी पक्का करा, कारण आमचे सगळे काम त्यावर अवलंबून असते. महाविद्यालयांत बहुधा टिपेचे (उंच स्वराचे) तबले असतात आणि ते काळी एक किंवा काळी दोनला मिळविलेले असतात, कारण बरेचसे मुलगे तिथेच गातात. तुम्ही काळी चार सांगितली तर त्या षड्जाचा मध्यम काळी एकवर आणि पंचम काळी दोनवर येतो. म्हणजे दोन्ही तबले तुमच्या उपयोगाचे आहेत. फक्त कोणता घ्यायचा ते रागावरून ठरते. भीमपलासाला मध्यमात लावलेला तबला उत्तम शोभतो. उद्या यमन गाणार असाल तर मात्र तो शुद्ध मध्यम गायकाला सारखा टोचत राहील, तेव्हा पंचमाचा मागावा. काळी पाच सांगितली तर पंचम पांढरी चारवर जातो. टिपेचा तबला तिथपर्यंत ठोकून चढविण्यात पाच मिनिटे जातात, आणि बाहेर दहा मुले रांगेत असताना ती पाच मिनिटे कोणी आनंदाने देत नाही.

त्यातून हे दिवस पावसाचे. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. हवा दमट झाली की पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते आणि सकाळी मिळविलेला तबला तासाभरात उतरतो. म्हणून तुमचे नाव पुकारण्याआधी, आतला उमेदवार बाहेर येत असतानाच, तबलजींना नमस्कार करून ‘काळी चार, मध्यमात’ एवढे सांगून ठेवा. जाणकार तबलजी तेवढ्यावरून हातोडी हातात घेतो. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावरून स्वर ठरवून आला असाल तर तोही तिथल्या पेटीशी एकदा ताडून पाहा. जुन्या पेट्या मानांकित स्वरापासून थोड्या सरकलेल्या असतात आणि शेवटी सगळ्यांना पेटीबरोबरच जावे लागते.

लय आकड्यात सांगू नका आणि नुसते ‘विलंबित’ असेही म्हणू नका. प्रत्येक घराण्याचे आणि प्रत्येक शहराचे विलंबित निराळे असते. हाताने मात्रा मोजत ‘धिं, धिं, धागे, तिरकिट’ एवढ्या चार मात्रा तुमच्या लयीत म्हणून दाखवा. आम्हाला तेवढे पुरते.

बाई, आपल्याविषयी आदर ठेवून एक मतभेद नोंदवितो. दोन महिन्यांचा जौनपुरी आणि अनोळखी ठेका एकाच दिवशी या मुलीच्या डोक्यावर ठेवू नये. प्रहर थोडा चुकला तर एखादा परीक्षक भुवई उंचावेल, पण राग हातातून निसटला तर दहा मिनिटे संपतच नाहीत.

निपाणीचा आणखी एक

वरच्या दोन्ही उत्तरांना माझ्या फजितीची जोड देतो, कारण ती नेमकी याच दोन गोष्टींवरची आहे. काही वर्षांपूर्वी मी असाच एका महाविद्यालयात ऑडिशनला गेलो होतो. पत्रात साडेदहाची वेळ होती म्हणून मी अहिरभैरव तयार केला होता. प्रत्यक्षात परीक्षक उशिरा आले, मग जेवणाची सुट्टी झाली आणि माझा क्रमांक लागला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. अहिरभैरवाची वेळ टळून सहा-सात तास झाले होते आणि दुसरा एकही राग माझ्या गळ्यावर नव्हता. तेव्हा ताई, पत्रातल्या वेळेवर राग बेतू नका. तुमचा अकराचा क्रमांक तीनला लागला तर भीमपलास आपोआप वेळेवर येईल.

दुसरी फजिती तबल्याची. माझा मुखडा (बंदिशीचा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर नेणारा तुकडा) दहाव्या मात्रेनंतर उचलायचा होता आणि घरच्या सवयीने मी ‘तिरकिट’ ऐकले की तो उचलत असे. एकतालात तिरकिट दोनदा येते, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला, हे मला पुस्तकात ठाऊक होते. पण मोबाइलच्या ठेक्यात मात्रांचे आकडे डोळ्यांसमोर सरकत असल्याने नुसत्या कानाने ओळखायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. त्या दिवशी घाबरून मी चौथ्या मात्रेच्या तिरकिटावर मुखडा घेतला आणि समेवर येतो म्हणून जिथे आलो तिथे सातवी मात्रा होती. तबलजी सज्जन होते. त्यांनी पुढची सम ठळक करून दिली, पण तोवर माझ्या पायांतले बळ गेले होते. त्या वर्षी माझी निवड झाली नाही आणि ती न होणेच योग्य होते.

यावरचा उपाय मला पुढे एका ज्येष्ठ वादकांनी सांगितला. तिरकिटाकडे लक्ष न देता ‘क त्ता’कडे द्यायचे. ते बोल आवर्तनात एकदाच, सातव्या-आठव्या मात्रेला येतात. ते गेले की पुढचे धागे-तिरकिट हे दहाव्या मात्रेचेच असणार. मोबाइलचा पडदा उलटा ठेवून आठ दिवस केवळ हे ऐकण्याचा सराव करा.

धारवाडला राहणारी बेळगावकर

कन्नडची भीती मनातून काढून टाक. मी अनगोळची, मराठी शाळेतली आणि आता धारवाडला याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादी, संवादी, थाट, आवर्तन, सम, काल हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत आणि ख्यालाची बंदिश बहुधा ब्रज भाषेतली असते, त्यामुळे तिथे मराठी किंवा कन्नड हा प्रश्नच येत नाही. माझ्या वेळी परीक्षकांनी प्रश्न कन्नडमध्ये विचारले, मी निम्मी उत्तरे हिंदीत दिली आणि कोणी हरकत घेतली नाही. ‘हाडी’ म्हणजे गा आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द मात्र तयार ठेव. माझ्या पुढच्या मुलीला ‘साकु’ कळले नाही आणि ती बिचारी अंतरा संपेपर्यंत गात राहिली.

गाणे झाल्यावर ‘आणखी काही हलकेफुलके म्हणता का’ असे विचारतात. तू भजनातली आहेस, तेव्हा अभंग म्हणायला संकोच करू नकोस. या भागात ते परके नाही. भीमसेन जोशी एकाच गळ्याने संतवाणीही गात आणि कन्नड दासवाणीही (हरिदासांची पदे) गात; मल्लिकार्जुन मन्सूर यांचे हिंदुस्थानी संगीताचे सुरुवातीचे शिक्षण मिरजेच्या नीलकंठबुवांकडे झाले होते आणि पुढे त्यांनी वचनगायनात (शिवशरणांची कन्नड वचने गाण्यात) नाव मिळविले. कुमार गंधर्वांचा जन्म तर आपल्या सुळेभावीचा. शक्य झाल्यास कन्नड संतकवी पुरंदरदासांचे एखादे पद शिकून ठेव. त्यांच्या पदांतली ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा तुला घरच्यासारखीच वाटेल आणि परीक्षकांनाही तुझी तयारी दिसेल. अडीच आठवड्यांत उच्चार बसणार नसतील तर अभंगच बरा. चुकीचे कन्नड कानाला फार लागते.

प्रवासाविषयी सांगायचे तर त्या दिवशी सकाळी घरून निघू नकोस. जांबोटीकडचा रस्ता पावसात कधी बंद होईल सांगता येत नाही. आदल्या दिवशी खानापूरहून लोंढा-अळणावरमार्गे रेल्वेने ये आणि कोणाकडे तरी मुक्काम कर. गुणपत्रिकांच्या मूळ प्रती आणि मध्यमेचे प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आण.

कणकुंबीची वाट

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही स्वरांत पुन्हा गाऊन पाहिले. काळी पाचमध्ये मध्य सप्तक मोकळे लागते हे खरे, पण तार सप्तकातल्या गंधाराला गळा आवळला जातो. भजनात वर तितके जावे लागत नाही, म्हणून हे कधी लक्षात आले नव्हते. काळी चारमध्ये तार मध्यमापर्यंत जाता येते आणि मंद्र पंचमही ऐकू येतो. तेव्हा काळी चार नक्की केली. ‘क त्ता’चा प्रयोगही केला, पडदा उलटा ठेवल्यावर पहिल्या दहा आवर्तनांत चार वेळा चुकले.

रागाचे मात्र अजून ठरत नाही. बाई, आपण काय सांगाल?

टिळकवाडीच्या बाई

निपाणीकरांचा साडेतीनचा अनुभव वाचल्यावर माझा आग्रह मी सोडला. मुख्य राग भीमपलासच ठेव. जौनपुरीची मात्र द्रुत बंदिश, चार आलाप आणि चार सरळ ताना तयार कर, म्हणजे एखाद्या परीक्षकांनी ‘सकाळचे काही येते का’ असे विचारले तर तू गप्प बसणार नाहीस. विचारले नाही तर आपणहून गाऊ नकोस.

स्वर तू गाऊन ठरविलास हे चांगले केलेस. पण तो सायंकाळी तपासलास की सकाळी, ते लिहिले नाहीस. सकाळी आवाज जड असतो. मंद्र पंचम सहज लागतो, तार मध्यम मात्र रुसतो. यापुढचा रियाज सकाळी साडेदहा ते साडेअकरा या वेळात कर आणि दोन दिवस तरी आधी तासभर एसटीचा प्रवास करून मग गुरुजींसमोर गा. बसमधून उतरलेला आवाज कसा असतो हे तुला आधीच कळलेले बरे. त्या दिवशी कोणी सांगितलेला नवा काढा, नवी गोळी घेऊ नकोस. कोमट पाणी पुरे. कुंदा, ही आपली दुधाची मिठाई, परत येताना खा.

टिपेचा तबला, शहापूर

ताई, दहात चार चुका म्हणजे पहिल्या दिवशी काहीच वाईट नाही. आपल्या गुरुजींची संमती असेल तर येत्या दोन्ही रविवारी त्यांच्यासह शहापूरला या. माझ्याकडे काळी एकचा जुना तबला आहे, तोच मध्यम म्हणून लावून ठेवतो. पहिल्या रविवारी ठेका स्वच्छ वाजवीन आणि दुसऱ्या रविवारी मुद्दाम थोडा भरीव, तिरकिट पुसट ठेवून वाजवीन. मध्ये चुकलात तरी मी थांबणार नाही आणि समही दाखविणार नाही. तुम्हीच ‘क त्ता’ शोधून परत यायचे.